बरीच वर्षं उभी असलेली मोटरसायकल : किक मारायच्या आधी काय काय पाहायचं

पोळ्याच्या आधीचा आठवडा आणि दिवाळीचे पंधरा दिवस, या दोन वेळी माझ्या गॅरेजसमोर एकाच प्रकारच्या गाड्या लागतात. मुलगा पुण्याहून किंवा नागपूरहून सुटीला आलेला असतो. गोठ्यात, नाहीतर कापसाच्या खोलीत बाबांची गाडी उभी असते. तिच्यावरची पोती बाजूला होतात, ओल्या फडक्यानं टाकी पुसली जाते, बाटलीतलं पेट्रोल ओतलं जातं आणि किका सुरू होतात. मग फोन येतो, "भाऊ, कालपासून किक मारून राहिलो, पण गाडी काही घेऊनच नाही राहिली."

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात अशा गाड्या मी पंधराएक वर्षं दुरुस्त करतो आहे. बहुतेक स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर, अधूनमधून आरएक्स १०० किंवा बुलेट. सगळी एअर-कूल्ड इंजिनं, पाण्याची भानगड नसलेली. ही इंजिनं फार चिवट असतात. उभं राहून ती क्वचितच मरतात. त्यांना मारते ती आपली पहिली घाईची किक. म्हणून माझ्या पद्धतीत किक सगळ्यात शेवटी येते.

आधी लक्षणं

घरच्यांनी आधीच किक मारून पाहिली असेल, तर गाडी काय म्हणते ते आधी नीट ऐका, म्हणजे पुढची अर्धी मेहनत वाचते.

न्यूट्रलमध्ये असूनही गाडी ढकलली जात नसेल, तर ब्रेक ड्रममध्ये चिकटला आहे. किकवर पाय ठेवला आणि ती दगडासारखी अडली, तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरला, म्हणजे अडकला आहे. उलट किक अगदी हलकी, रिकामी खाली गेली, तर पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडल्या आहेत किंवा एखादा व्हॉल्व्ह उघडाच अडकला आहे. किक व्यवस्थित लागते पण गाडी "फट" देखील म्हणत नाही, तेव्हा स्पार्क नाहीतर पेट्रोल, दोघांपैकी एक गैरहजर आहे.

चोकवर सुरू होते आणि चोक काढला की बंद पडते, हे माझ्याकडचं सगळ्यात नेहमीचं दुखणं. ते कार्बोरेटरमधल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) लहान जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याचं. कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपटपत असेल तर फ्लोटची, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई अडकली आहे. एक-दीड किलोमीटर छान चालून गाडी मरते आणि पाच मिनिटांनी परत सुरू होते, तेव्हा टाकीचं झाकण पाहा. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलं की टाकीतून पेट्रोल उतरत नाही. गाडी मेल्याबरोबर झाकण उघडा. "फुस्स" आवाज आला तर दोष सापडला. या एका भोकापायी लोकांनी नवीन सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) बसवलेले मी पाहिले आहेत.

पहिला गिअर टाकताच क्लच दाबलेला असूनही गाडी झटका देऊन बंद पडली, तर क्लच प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत.

बिनखर्चाची तपासणी : डोळे, नाक आणि एक काठी

गाडीला हात लावण्याआधी काठीनं सीटवर, साइड पॅनलवर, टायरवर ठोका. आपल्याकडे गोठ्यातल्या अडगळीत विंचू आणि साप दोन्ही निघतात. सीटखालची पोकळी त्यांना आवडते, कारण तिथं उंदीर असतात. हातमोजे घाला, तोंडाला दुपट्टा बांधा.

आता साइड पॅनल काढून एअर फिल्टरची पेटी उघडा. हे काम कोणी करत नाही, आणि विदर्भात तेच आधी करायला पाहिजे. गेल्या दिवाळीत एक स्प्लेंडर आली होती, सात वर्षं कापसाच्या खोलीत उभी. पेटीचं झाकण काढलं तर आत फिल्टर दिसतच नव्हता. पांढराशुभ्र कापूस गच्च भरलेला, मधोमध वाटीएवढा खळगा, त्या खळग्यात उंदराची चार गुलाबी पिल्लं. सरकीचं टरफल न् टरफल वेगळं करून ठेवलेलं. त्या मुलानं आदल्या दिवशी पन्नास-साठ किका मारल्या होत्या. इंजिनाला श्वास घ्यायला जागाच नव्हती, आणि एखाद्या किकेला ते सुरू झालंच असतं तर तो कापूस आत ओढला गेला असता.

कुरतडलेला फोमचा किंवा कागदी फिल्टर फेका, नवा शे-दोनशे रुपयांत येतो. फिल्टरशिवाय गाडी चालवू नका. आपल्या काळ्या मातीची धूळ रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खाऊन टाकते.

उंदीर असेल तिथं वायरींवर दात असणारच. हेडलाइटच्या मागे, टाकीखाली आणि सीटखाली टॉर्चच्या प्रकाशात पाहा. तांबं उघडं दिसलं तर ती वायर नीट जोडून टेप लावेपर्यंत चावी फिरवू नका. दोन उघड्या वायरी आणि वर पेट्रोलची टाकी, हा मेळ धोक्याचा आहे.

मग सायलेन्सरचं तोंड. कुंभारमाशी त्यात मातीची घरं बांधते. लवचीक तार दोन वीत आत घालून पाहा, माती बाहेर येते का. सायलेन्सर बुजलेला असेल तर इंजिन सुरू होऊन गुदमरतं, आवाज दबल्यासारखा येतो, आणि लोक कार्बोरेटर उघडत बसतात.

हीच माशी इंजिनाच्या फिन्समध्येही, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांच्या खाचांतही घर करते. त्याच खाचांत शेण, सोयाबीनचं कुटार आणि तेलात भिजलेली माती बसलेली असते. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला रेडिएटर असतो. आपल्या इंजिनाची उष्णता या फिन्समधून वाऱ्यात जाते आणि थोडी ऑइलमधून. खाचा बुजल्या म्हणजे भर उन्हाळ्यात माणसाला गोधडी पांघरून पळवण्यासारखं झालं. बांबूची चपटी काडी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन प्रत्येक खाच मोकळी करा. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका, ॲल्युमिनियमची फिन टचकन मोडते. पाणी मारायचं असेल तर इंजिन थंड असताना, आणि सायलेन्सर व एअर फिल्टरची तोंडं बांधून.

ढकलून पाहा

गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक हातानं फिरवा. मग कोणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला आणि तेही फिरवा. घासल्याचा आवाज, अडकणं, लटपटणं लक्षात ठेवा. ॲक्सिलरेटर पूर्ण फिरवून सोडा. तो स्वतःहून "खट्" करून परत आला पाहिजे, हँडल डावीकडे वळवून आणि उजवीकडे वळवूनही. केबल गंजून ॲक्सिलरेटर अर्ध्यावर अडकत असेल तर नवी केबल टाकल्याशिवाय इंजिन सुरू करायचंच नाही.

टायरच्या बाजूवर एक चार आकडी शिक्का असतो. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत असली तरी रबर वाळून कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. "टायर तं नवेच हायेत भाऊ, चाललेच नाहीत," असं दर वेळी ऐकायला मिळतं. न चाललेला दहा वर्षांचा टायर म्हातारा झालेला असतो. भेगा दिसल्या की टायर आणि ट्यूब दोन्ही बदला. हवा चेन कव्हरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. स्प्लेंडरला एकट्यासाठी पुढे २५ आणि मागे २८.

पेट्रोल : जुनं सगळं काढा

जुन्या पेट्रोलवर नवं ओतू नका. पेट्रोलमधला हलका भाग, जो पहिल्या किकेला पेट घेतो, तो काही महिन्यांत उडून जातो. मागे राहतं ते चिकट, वार्निशसारखं. वास घेतला तर कळतं, ताज्या पेट्रोलचा वास नाकात चढतो आणि जुन्याचा आंबट, रंगासारखा येतो.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर अर्धी टाकी उभी राहिली की पाणी जास्त होऊन इथेनॉल आणि पाणी एकत्र तळाला बसतं. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, रिझर्व्हवर असली की ओढते ते नेमकं तळातलंच. गंजही तिथूनच सुरू होतो.

टाकी उघड्या हवेत, सावलीत, विडी-काडी आणि चुलीपासून लांब रिकामी करा. आत बॅटरीच्या प्रकाशात पाहा, मोबाइलचा लाइट चालेल, आगपेटी कधीच नको. तपकिरी पातळ थर असेल तर घरी निघतो. कॉक काढून ते भोक बुचानं बंद करा, टाकीत मूठभर स्वच्छ नट आणि थोडं पेट्रोल घाला, दहा मिनिटं हलवा, गाळा, आणि पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत करत राहा. शेवटी नट मोजूनच बाहेर काढा. खपल्या निघत असतील किंवा बोटानं दाबल्यावर पत्रा दबत असेल, तर टाकी बदलावी लागेल.

एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो. गळक्या टाकीला वेल्डिंग करायला कोणत्याही गावच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. टाकीचं काम करणारे वेगळे असतात, त्यांच्याकडेच द्या.

कॉकची जाळी धुवा. रबरी नळी वाकवून पाहा, भेगा असतील तर वीस-पंचवीस रुपयांची नवी लावा. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय, ते समजावून सांगायची गरज नाही.

ऑइल

डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं ठीक. दुधाच्या चहासारखं असेल तर पाणी शिरलं आहे. पातळ झालं असेल, पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटर भरून वाहिला आणि पेट्रोल इंजिनात उतरलं. असं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. कसंही असो, वर्षाच्या वर उभ्या गाडीचं ऑइल मी आधीच बदलतो आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा बदलतो, कारण पहिल्या ऑइलबरोबर आतला गाळ सुटतो.

स्प्लेंडरसारख्या हिरो होंडाच्या गाडीला बाटलीवर १०डब्ल्यू३० आणि जासो एमए (मोटरसायकलच्या ऑइलची खूण) लिहिलेलं पाहूनच घ्या. कारचं ऑइल ओतू नका. यातल्या बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. हिरो होंडाच्या गाड्यांत पातळी मोजताना डिपस्टिक आट्यात फिरवायची नाही, नुसती टेकवायची, आणि गाडी सपाट जागी डबल स्टँडवर पाहिजे.

इंजिन मोकळं आहे का

इथपर्यंत आलात, आता स्पार्क प्लग काढा. आजूबाजूची माती आधी फुंकून घ्या, नाहीतर ती सरळ बोअरमध्ये जाते. प्लगच्या भोकातून इंजिन ऑइल आत सोडायचं, पाच ते दहा मिली, जास्त नाही. उभ्या सिलिंडरच्या गाडीत तेल आपोआप सगळीकडे पसरतं. स्प्लेंडर आणि सीडी १००चा सिलिंडर मात्र जवळजवळ आडवा असतो, त्यात तेल खालच्या बाजूला साठून बसतं आणि वरची बाजू कोरडीच राहते. त्यासाठी मी सुई नसलेल्या इंजेक्शनला सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा लावतो, नळी आत घालतो आणि फिरवत फिरवत तेल वरच्या भिंतीवर सोडतो. मेडिकलमध्ये दोन्ही वस्तू मिळतात.

रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग बाहेरच ठेवून, चावी बंद ठेवून, किक हातानं दाबा. पायानं नाही. हाताला इंजिनाचं दुखणं कळतं, पायाला कळत नाही. मोकळी असेल तर सावकाश पंधरा-वीस वेळा दाबा. जास्तीचं तेल भोकातून उडेल, समोर तोंड ठेवू नका. याच फिरवण्यानं पंप नवं ऑइल वर हेडमध्ये चढवतो. वर्षानुवर्षं वरचा कॅम कोरडा राहिलेला असतो, आणि त्या पहिल्या काही सेकंदांतच त्याची झीज होते.

किक हातानं दबत नसेल तर थांबा. अर्धं ऑइल आणि अर्धं डिझेल असं मिश्रण सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं थोडं पुढे, थोडं मागे असं डोलवा. एक सूत हलली तरी आशा आहे, पुन्हा तेल, पुन्हा एक दिवस.

मी नवा होतो तेव्हा एका काकांची सीडी १०० अशीच अडलेली होती. पोरगा घाईत होता, मीही तरुण. मी किकवर उभा राहिलो आणि पूर्ण वजन टाकलं. कट्ट आवाज आला आणि किक सुटली. आम्हाला दोघांनाही आनंद झाला. गाडी सुरूही झाली, पण निळा धूर ओकत. उघडली तर गंजात धरलेली रिंग तुटून तिनं बोअरवर नखासारखी उभी रेघ ओढली होती. दोन दिवस तेल मुरू दिलं असतं तर ते इंजिन तसंच चाललं असतं. काकांनी एका शब्दानंही बोल लावला नाही. बोअरिंगचे पैसे मी दिले, आणि तेव्हापासून अडलेल्या किकवर पाय ठेवलेला नाही.

चार दिवसांत हललीच नाही, तर हे काम आता घरचं नाही. हेड-ब्लॉक उघडावा लागेल, बोअर मोजावा लागेल. ते लेथ-बोअरिंगवाल्याचं काम. प्लगच्या भोकातून सळई घालून ठोकू नका.

किक हलकी असेल तर तेल सोडल्यानंतर फरक पाहा. जोर परत आला तर रिंगा कोरड्या होत्या, चालवून बऱ्या होतील. तेलानंही जोर आला नाही तर व्हॉल्व्ह अडकला आहे, तो मेकॅनिककडे.

स्पार्क आणि बॅटरी

नवा प्लगच लावा, शंभर-सव्वाशे रुपयांत संशयच संपतो. जुन्या शंभर सीसी गाड्यांत फट साधारण ०.६ ते ०.७ मिलीमीटर. प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग हेडला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते. हँडलवर किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) असेल तर ते बंद करून ठेवलेलं नाही ना, ते पाहा. हसू नका, दर वर्षी एक-दोन गाड्या तेवढ्यानंच सुरू होतात. किक मारल्यावर निळी, कडक ठिणगी पाहिजे. पिवळी, मरतुकडी ठिणगी असेल तर टोपी काढून वायरचं टोक पाव इंच कापा, टोपी पुन्हा आवळा. टाकीखालचे आणि कॉइलजवळचे कनेक्टर काढून-घालून गंज पुसा. त्यानंतरही ठिणगी नसेल तर कॉइल, मॅग्नेट की सीडीआय हे मीटरशिवाय कळत नाही. अंदाजानं सामान विकत घेऊ नका.

जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांना किकनं सुरू व्हायला बॅटरी लागत नाही, पण हॉर्न आणि इंडिकेटरला लागते. १२ व्होल्टची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली. १०.५च्या खाली रेंगाळणारी बॅटरी चार्ज करण्यात वेळ जातो, ती गेलेली असते.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यात बहुतेक वेळा कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक "झूं" आवाज आला पाहिजे. बॅटरी नसेल तर अशी गाडी सहसा सुरू होत नाही. बॅटरी भरलेली असूनही पंप बोलत नसेल, तर ती घरी उघडू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

कार्बोरेटर

ज्याला स्क्रू कुठून आला हे आठवत नाही, त्यानं प्रत्येक पायरीचा फोटो काढावा. कार्बोरेटरची खालची वाटी खोला. आत हिरवट-पांढरा खर आणि मधासारखा थर दिसेल. हिरवं ते पितळेला आलेलं, पिवळं ते जुन्या पेट्रोलचं. मोठा जेट उजेडाकडे धरला की भोक दिसतं. लहान जेटचं भोक इतकं बारीक की त्यातून उजेडाचा ठिपकाच दिसायला हवा, आणि चोकवालं सगळं दुखणं तिथंच असतं. चोक लावला की मोठ्या वाटेनं जास्तीचं पेट्रोल ओढलं जातं आणि गाडी चालते. चोक काढला की लहान वाटेवर यायला पाहिजे, पण ती बुजलेली असते.

तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं तर गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. क्लीनर स्प्रे मारा, तासभर राहू द्या, मग पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा मारा, डोळ्यांवर चष्मा लावून. बाजूच्या हवेच्या स्क्रूला काढण्याआधी आत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा. फ्लोटच्या सुईच्या टोकावर वर्तुळाकार खाच पडली असेल तर सुई बदला, पॉलिश पेपरनं घासू नका. एवढं करूनही गाडी चोकशिवाय उभी राहत नसेल तर आतल्या वाटा बुजल्या आहेत, चांगल्या मेकॅनिकला द्या.

आरएक्स १००सारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीला आणखी एक भीती असते. उभं राहून क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, रबरी सीलं कडक होतात. एका बाजूनं बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, आणि गाडी एकदम हलकी, जोरात फिरायला लागते. ऐकायला छान वाटतं. लगेच बंद करा. अशाच गाड्या दहा मिनिटांत सीझ होतात, म्हणजे पिस्टन धरतो.

ब्रेक : हे टाळायचं नाही

इंजिन सुरू व्हायच्या बेतात आलं की सगळ्यांना घाई होते, आणि मी दोन्ही चाकं काढायला बसतो. कारण सांगतो. माझ्या मामेभावाची गाडी मी अशीच बरी करून दिली होती. इंजिन अगदी घड्याळासारखं. ब्रेक दाबून पाहिला, लागत होता, नट आवळला आणि दिली. तिसऱ्या दिवशी कॅनॉलच्या उतारावर त्यानं पुढचा ब्रेक दाबला आणि चाक जागच्या जागी जाम झालं. हसळीचं हाड मोडलं. चाक उघडलं तर लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवर (ड्रमला आतून दाबणारी अर्धगोल पट्टी) चिकटवलेला घासणारा थर, वरच्या बाजूनं सुटून ड्रममध्ये आडवा अडकलेला. उभ्या गाडीत ओलीनं डिंक सुटतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ब्रेक लागतोही, सुटेपर्यंत.

म्हणून चाक काढायचं, शू हातात घ्यायचा आणि लायनरच्या कडेला नखानं उचलून पाहायचं. जरा उचलला तरी नवा जोड. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, ती फुप्फुसाला वाईट असते. ब्रेकचा कॅम काढून गंज घासा, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, लायनरला ग्रीस लागू देऊ नका. पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळत असेल तर ते याच ब्रेकवर उतरतं, सील आधी बदला. डिस्क ब्रेक असेल आणि लिव्हर मऊ लागत असेल किंवा चाक सुटत नसेल, तर हायड्रॉलिकचं काम शिकलेल्याकडेच द्या. ब्रेकवर प्रयोग करायचे नाहीत.

चाकाचं नट, त्याची पिन, चेनचं लॉक, हे परत लावताना दुसऱ्या माणसाला दाखवा. चेन मधोमध दोन-तीन सेंटीमीटर खाली-वर झाली पाहिजे.

आता किक

एक लिटर ताजं पेट्रोल, चोक, आणि मोकळ्या अंगणात किक. सोडलेल्या तेलाचा धूर पाच-सात मिनिटं येईल, घाबरू नका. तेवढ्यात थांबला नाही तर रिंगांचं पाहावं लागेल. खडखड, लोखंडावर लोखंड असा आवाज आला की त्याच क्षणी बंद. "चालता चालता बसंन," असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

उभ्या गाडीला पंधरा मिनिटं रेस देऊन गरम करू नका. तिला वारा लागतो. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश असतं, तेव्हा दोन-तीन मिनिटांत चालायला काढा किंवा बंद करा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतायचं नाही.

क्लच चिकटलेला असेल तर इंजिन गरम करून बंद करा, तिसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून गाडी पुढे-मागे जोरात डोलवा. बहुतेक सुटतो. सुटला नाही तर साइड कव्हर उघडावं लागतं.

पहिली फेरी गावातल्या गावात, वीसच्या वेगानं, एकट्यानं, हेल्मेट घालून. मागचा ब्रेक वेगळा, पुढचा वेगळा दाबून पाहा. दहा मिनिटांनी थांबून चाकांच्या हबला हात लावा. एखादं जास्त गरम असेल तर ब्रेक घासतो आहे. मग नट, गळती, लाइट. हायवेला आठवडाभर नेऊ नका.

आणि कागद. नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी नवं काढा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावावी लागते. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर आरटीओत फॉर्म ३१ भरून ती आधी आपल्या नावावर करा. अपघात झाला तर पहिला प्रश्न नावाचा येतो.

सुटी संपवून परत जाताना

दर दिवाळीला त्याच गाड्या माझ्याकडे त्याच दुखण्यानं येतात, ते या शेवटच्या अर्ध्या तासामुळे. जाण्याच्या दिवशी कॉक बंद करा आणि गाडी स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू ठेवा. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून वाटीतलं उरलेलं पेट्रोल काढा. चार महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून आत थोडं ऑइल फिरवा. बॅटरीची वायर काढा. डबल स्टँडवर, कापसाच्या आणि धान्याच्या खोलीपासून लांब लावा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला, एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी बांधा, आणि हँडलला दोरीनं एक चिठ्ठी बांधा : आधी बोळा काढा, जाळी सोडा.